क्लचमधला बुडबुडा

इंजिन बंद असलं की गिअर पडत होता, चालू केलं की पडत नव्हता. पहिला टाकायला जावं तर दांडी मधेच अडायची, रिव्हर्स टाकायला जावं तर आतून खर्रर्र असा आवाज यायचा. जुलैतली दुपार, कुंभार्ली घाट, समोर धुकं आणि कऱ्हाडहून चिपळूणला निघालेली आमची जुनी डिझेल जीप. क्लचचं पेडल पायाखाली लोण्यात बोट रुतावं तसं खाली जात होतं आणि सोडलं की रेंगाळत वर येत होतं. एक गोष्ट मात्र लक्षात आली. पेडल भराभर तीन-चार वेळा दाबलं की गिअर कसाबसा पडायचा. त्याच्या जोरावर दुसऱ्या गिअरमध्ये गाडी सावकाश उतरवली आणि पायथ्याला पोफळीत थांबलो.

तिथे एक मेस्त्री भेटले. त्यांनी बॉनेटला हातही लावला नाही. आधी गाडीखाली वाकले, गिअरबॉक्सच्या कडेला बसवलेल्या छोट्या सिलिंडरच्या रबरी बुटाखालून बोट फिरवलं. बोट ओलं झालं. “एअर धरलाय. क्लचच्या नळीत हवा शिरलीय,” ते म्हणाले. “तुम्ही पेडलवर बसा. मी सांगेन तेव्हा दाबायचं आणि मी सांगेन तेव्हाच सोडायचं.”

त्यांच्या पिशवीतून एक 10 नंबरचा रिंग पाना, हातभर पारदर्शक नळी, प्लास्टिकची रिकामी बाटली आणि ब्रेक ऑइलचा सीलबंद डबा एवढंच निघालं. पुढचा पाऊण तास आमचं बोलणं तीन शब्दांत चाललं. दाबा. धरा. सोडा. या तिन्हींचा क्रम एकदा जरी चुकला तरी केलेलं काम फुकट जातं. ते का जातं, हे स्टिअरिंगमागे बसल्या बसल्या मला कळत गेलं. गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला ते कळावं असं वाटतं, म्हणून हा लेख.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यातला हातात धरलेला हात. इंजिनाच्या मागे फ्लायव्हील नावाची जड चकती सतत फिरत असते. तिच्याजवळ क्लच प्लेट आणि तिला मागून फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट. ही पकड पोलादी डायफ्रॅम स्प्रिंगची असते आणि ती जबरदस्त असते. नाहीतर भरलेली गाडी चढावर ओढताना प्लेट घसरली असती. आपण पेडल दाबतो तेव्हा ही पकड क्षणभर सोडवतो. एक फोर्क रिलीज बेअरिंगला पुढे ढकलतो, बेअरिंग स्प्रिंगच्या बोटांवर दाब देतं आणि प्रेशर प्लेट मागे सरकते. किती सरकते? जेमतेम 2 मिलिमीटर. पायाची वीतभर हालचाल आणि आत टोकाला नखाच्या जाडीएवढी फट. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे.

पायापासून फोर्कपर्यंत हालचाल पोचवायचे दोन मार्ग. एक म्हणजे केबल. मारुती 800 मध्ये तीच होती, स्कूटर-मोटारसायकलींत ती आजही दिसते. केबल ताणते, गंजते, तुटते, पण तिचं दुखणं डोळ्यांना दिसतं. दुसरा मार्ग द्रवाचा. पेडलच्या दांडीला एक मास्टर सिलिंडर, गिअरबॉक्सजवळ एक स्लेव्ह सिलिंडर आणि दोघांना जोडणारी, ब्रेक ऑइलने काठोकाठ भरलेली नळी. वरचा दट्ट्या द्रव ढकलतो, द्रव खालच्या दट्ट्याला ढकलतो. नळी इंजिनाच्या आजूबाजूने हवी तशी वळवता येते, घर्षण कमी, पेडल हलकं. मात्र ही व्यवस्था बिघडली की ते बाहेरून काहीच दिसत नाही.

थोडं गणित करू. आकडे ढोबळ आहेत, समजण्यापुरते घेतलेले, पण खऱ्या गाड्यांपासून फार लांबचे नाहीत. पायाने पेडलवर 10 किलोचा जोर दिला. पेडलच्या तरफेमुळे तो पाचपट होऊन मास्टर सिलिंडरच्या दट्ट्यावर 50 किलो झाला. दट्ट्याचं क्षेत्रफळ 2 चौरस सेंटिमीटर, म्हणजे द्रवात दर चौरस सेंटिमीटरला 25 किलो दाब. खालच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ 3.2, म्हणून तिथे 80 किलोचा धक्का. फोर्कची तरफ तो दुप्पट करते आणि रिलीज बेअरिंगवर 160 किलो पडतात. जोर सोळापट झाला, पण त्याची किंमत अंतरात चुकवावी लागली. पेडल 15 सेंटिमीटर गेलं, वरचा दट्ट्या 3, त्याने 6 घनसेंटिमीटर द्रव ढकलला, खालचा दट्ट्या सुमारे 19 मिलिमीटर सरकला, बेअरिंग साडेनऊ मिलिमीटर आणि शेवटी प्रेशर प्लेट तेवढी 2 मिलिमीटर.

बंदिस्त द्रवावर एका जागी दिलेला दाब सगळीकडे तितकाच पोचतो, हे फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालने मांडलं. द्रवांच्या समतोलावरचा त्याचा ग्रंथ छापून आला 1663 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर एका वर्षाने. पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडं ठेवा, एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठं. लहान दट्ट्यावरचा एक माणूस मोठ्या दट्ट्यावरच्या शंभर माणसांना पुरा पडेल, असं त्याने लिहिलं आहे. आपल्या क्लचची सबंध रचना त्या एका कल्पनेत बसते. फक्त अट अशी की भांड्यात निव्वळ द्रवच हवा.

पास्काल वारला ते साल 1662. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइलने दुसरा नियम छापला. इंग्रजी ‘जे’ अक्षरासारखी काचेची वाकडी नळी, तिच्या बंद टोकात कोंडलेली हवा आणि दुसऱ्या टोकाने ओतत नेलेला पारा. दाब दुप्पट केला की हवा निम्म्या जागेत मावते, तिप्पट केला की तिसऱ्या हिश्शात. हवेच्या या गुणाला बॉइल ‘स्प्रिंग’ म्हणायचा आणि लोकरीच्या गठ्ठ्याची उपमा द्यायचा: मुठीत दाबली की आवळते, सोडली की फुलते. एअर धरलेल्या क्लचचं पेडल पायाला जसं लागतं, त्याला याहून चांगली उपमा मला सापडलेली नाही. नळीत पास्कालचा द्रव असायला हवा होता, तिथे बॉइलची लोकर शिरलेली असते.

आता त्या 6 घनसेंटिमीटरकडे परत जाऊ. समजा नळीत कुठेतरी 2 घनसेंटिमीटर हवा आहे. नळीच्या आतल्या जाडीचा विचार केला तर हा बुडबुडा अर्धी वीत लांब भरेल. पेडल दाबलं, दाब 25 वर चढला. वातावरणाचा मूळचा एक धरून झाले 26. बॉइलच्या हिशोबाने बुडबुडा 26 पट आवळला आणि 0.08 घनसेंटिमीटरवर आला. म्हणजे आपण ढकललेल्या 6 पैकी जवळजवळ 2 घनसेंटिमीटर द्रव फक्त हवा दाबण्यात खर्ची पडला. पाणी तितक्याच दाबाखाली हजारात एक भाग एवढंच आक्रसतं आणि ब्रेक ऑइलही त्याच जातीचं आहे. नळी आणि दोन्ही सिलिंडर मिळून 40 घनसेंटिमीटर द्रव धरला तरी त्याच्या आक्रसण्याने वाया जाणारा भाग 0.05 च्या आगेमागेच राहतो. चमचाभरही नसलेली हवा सगळ्या द्रवाच्या चाळीसपट नुकसान करते.

एक तृतीयांश हालचाल गेली म्हणजे क्लच एक तृतीयांशाने बिघडला, असं मात्र होत नाही. प्रेशर प्लेट 2 ऐवजी सव्वा मिलिमीटर सरकते. पण क्लच प्लेटच्या दोन अस्तरांच्या मध्ये लवचीक पोलादी पाकळ्या असतात. गाडी धक्का न देता उचलावी म्हणून त्या ठेवलेल्या. दाब कमी झाला की प्लेट त्या पाकळ्यांमुळे सुमारे मिलिमीटरभर फुगते आणि मिळालेली फट खाऊन टाकते. उरलं काय, तर जवळपास काहीच नाही. प्लेट फ्लायव्हीलला घासत, त्याच्याबरोबर ओढली जात फिरत राहते.

घाटातल्या कोड्याचा पहिला भाग इथे सुटतो. इंजिन चालू असताना ही घासणारी प्लेट गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवत ठेवते. पुढच्या गिअरांना सिंक्रोमेश असतो, तो दोन्ही बाजूंचा वेग जुळवायला बघतो, पण इंजिनच एक बाजू फिरवतंय म्हटल्यावर तो हरतो आणि दांडी अडते. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रोमेश नसतोच, म्हणून तिथे दातावर दात आपटून खरखर होते. इंजिन बंद केलं की सगळं थांबतं आणि गिअर निमूट पडतो. तुमच्या गाडीत हे लक्षण दिसलं तर गिअरबॉक्सला दोष देण्याआधी क्लचकडे बघा.

ब्रेकच्या नळीतही हवा शिरते, पण तिथलं दुखणं वेगळं. ब्रेकला हवा असतो जोर. पॅड चाकाच्या चकतीला जवळजवळ टेकलेलेच असतात, त्यामुळे थोडी हवा असली तरी पेडल जास्त खाली नेऊन दाब मिळवता येतो, निदान काही मर्यादेपर्यंत. क्लचला हवं असतं अंतर. पेडल जमिनीला टेकलं की अंतर संपलं, मग पायात कितीही ताकद असो. ब्रेकमधली हवा जास्त घातक आहे यात शंका नाही, पण क्लचमधली थोडीशी हवाही लगेच गाडी अडवते, आणि म्हणून ती शेवटच्या बुडबुड्यापर्यंत काढावी लागते.

ही हवा काढायची म्हणजे आधी ती कुठे बसली आहे ते ओळखायचं. दवाखान्यात इंजेक्शन भरताना नर्स काय करते ते आठवा. सुई वर धरते, टिचकी मारते, दट्ट्या हळूच दाबते आणि टोकाशी थेंब दिसला की थांबते. हवा वर जाते म्हणून तोंड वर. बुडबुडा भिंतीला चिकटतो म्हणून टिचकी. आणि थेंब आला म्हणजे हवा संपली. क्लचचं ब्लीडिंग हे नेमकं एवढंच आहे, फक्त इंजेक्शन लोखंडाचं आणि आरपार न दिसणारं. स्लेव्ह सिलिंडरवरचं निपल, म्हणजे हवा सोडायचं आट्यांचं पोकळ तोंड, सगळ्यात उंच जागी ठेवलेलं असतं ते याच कारणाने. सिलिंडर कुणी चुकून उलटा बसवला आणि निपल खाली गेलं, तर दिवसभर पेडल मारलं तरी वरच्या कप्प्यात अडकलेली हवा तिथेच राहील. मेस्त्री मधूनमधून पान्याच्या दांड्याने नळीवर टकटक करत होते, ती नर्सचीच टिचकी.

इंजेक्शनपेक्षा क्लच एका बाबतीत कठीण. मास्टर सिलिंडर वर, ड्रायव्हरच्या पायापाशी. स्लेव्ह खाली, गिअरबॉक्सला. बुडबुड्याला जायचं असतं वर आणि आपण त्याला हाकतो खाली. एका पेडलमध्ये 6 घनसेंटिमीटर द्रव जातो, म्हणजे नळीत फूटभर पुढे. मग पेडल वर येईपर्यंत विसावा, आणि तेवढ्यात बुडबुडा पुन्हा थोडा मागे चढतो. दोन पावलं पुढे, एक मागे. त्यात नळी इंजिनावरून वळसा घेऊन खाली उतरत असेल तर वळशाच्या उंचवट्यावर हवा घर करते. नळी आणखी बारीक असली तर लांबट बुडबुडा तिच्यात बुचासारखा बसतो, कारण वर सरकायचं तर त्याच्या बाजूने द्रव खाली यायला हवा आणि त्याला वाट असते ती काचेवरच्या ओलाव्याएवढी पातळ. दूध पिताना स्ट्रॉमध्ये अडकलेली हवा सगळ्यांनी पाहिली असेल.

म्हणून पेडल जोरजोरात मारावं का? नाही, आणि हे मी आवर्जून सांगतो, कारण घाईने सगळ्यात जास्त बिघडतं ते इथे. जोराच्या माऱ्याने एका मोठ्या बुडबुड्याचे शेकडो बारीक बुडबुडे होतात, ताकासारखा फेस. द्रवातल्या बारीक गोळ्यांचा वेग जॉर्ज स्टोक्स या शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात गणिताने काढला. त्याप्रमाणे व्यास दहापट लहान झाला की वर चढण्याचा वेग शंभरपट कमी होतो. मिलिमीटरभराचा बुडबुडा डोळ्यांदेखत वर जातो. त्याच्या दहाव्या हिश्शाचा मिनिटं लावतो. फेस झालाच तर एकच औषध: हात आवरून अर्धा तास चहा प्यायला जाणे. बारीक बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि आपोआप वाटेला लागतात.

आता ते तीन शब्द. निपल बंद असताना मी पेडल दाबलं: नळीत दाब भरला, हवा आवळली. “धरा,” मेस्त्री म्हणाले आणि त्यांनी निपल पाव आटा सैल केलं. दाब एकदम सुटला, आवळलेली हवा स्प्रिंगसारखी उसळली आणि द्रवासकट पारदर्शक नळीतून फुसफुसत बाटलीत गेली. आधी दाब, मग उघडणं, हा क्रम असल्यामुळे द्रव संथ न वाहता झटक्याने वाहतो आणि बुडबुड्याला मागे चढायला वेळच मिळत नाही. पेडल पायाखाली जमिनीला टेकलं. मेस्त्रींनी निपल आवळलं आणि मग म्हणाले, “सोडा.” पाव-अर्धा आटा पुरे असतो, निपल मऊ धातूचं, आतून पोकळ, गंजलेलं असलं तर जोराने तुटतं आणि मग अख्खा सिलिंडर बदलावा लागतो.

तिसऱ्या की चौथ्या फेरीला माझा पाय त्यांच्या शब्दाआधी उठला. निपल अजून उघडंच होतं. दट्ट्या मागे येताना नळीत पोकळी झाली आणि तिने जवळच्या वाटेने हवा ओढून घेतली. बाटलीत नळीचं टोक ऑइलमध्ये बुडवलेलं होतं, तरीही निपलच्या आट्यांच्या फटीतून ती आत गेलीच. “परत पहिल्यापासून,” ते शांतपणे म्हणाले आणि पुन्हा पाना हातात घेतला.

दट्ट्या मागे येताना नवा द्रव कुठून येतो, हे समजायला सायकलचा पंप आठवावा लागेल. त्याच्या दांड्याच्या टोकाला चामड्याचा वाटीसारखा वायसर असतो. दांडा खाली ढकलला की वाटीची कड हवेच्या दाबाने फाकते, नळकांड्याला घट्ट चिकटते. दांडा ओढला की कड आत मिटते आणि बाजूने नवी हवा येते. वायसर वाळला की लहानपणी आपण त्याला खोबरेल तेल लावून कड बोटांनी फाकवत असू. मास्टर सिलिंडरमधला रबरी कप हे त्याच वाटीचं भावंड. पेडल दाबलं की तो फाकून द्रव अडवतो. पेडल वर आलं की कड मिटवून मास्टरला जोडलेल्या ऑइलच्या छोट्या टाकीतला द्रव पुढे येऊ देतो. त्याशिवाय टाकी आणि सिलिंडर यांच्यामध्ये सुईच्या टोकाएवढं एक भोक असतं, पेडल पूर्ण वर आलं तरच उघडणारं. जादाचा द्रव त्यातून टाकीत परतो आणि मास्टरजवळचे बुडबुडेही तिथूनच वर निसटतात. शेवटी शेवटी मेस्त्रींनी मला पेडल फक्त दोन बोटं दाबून हलकेच सोडायला सांगितलं, वीस-पंचवीस वेळा. टाकीत डोकावलं तर मोहरीएवढे बुडबुडे एकेक करून वर येत होते.

दाब वाढला की आणखी घट्ट होणारी ही वाटी दोनशे वर्षांहून जुनी आहे. लंडनमध्ये जोसेफ ब्रामाने 1795 मध्ये पाण्याच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसचं पेटंट घेतलं, पण दट्ट्याभोवती पाणी गळायचं. त्याच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सलीने चामड्याची अशी कडा बसवली की दाबच गळती रोखेल. श्रेय त्यालाच दिलं जातं. 1921 च्या ड्यूझेनबर्ग मोटारीत चारही चाकांना द्रवाचे ब्रेक आले आणि तिथून ही व्यवस्था मोटारींत रुजली.

या वाटीचा एक दुर्गुणही आहे, आणि हवा आत कशी शिरली याचं उत्तर त्यातच असतं. ती दाब अडवते, ओढ अडवत नाही. स्लेव्ह सिलिंडरमधला कप जुना झाला, कडेला चीर गेली, की पेडल दाबताना कड फाकून थोडंच ऑइल झिरपतं, पण पेडल सोडताना बाहेरची हवा मजेत आत येते. टाकीतलं ऑइल फारसं उतरत नाही आणि क्लच मात्र बसतो. बंद व्यवस्थेत हवा आपण होऊन जन्मत नाही. टाकी कोरडी पडली असेल, पार्ट बदलताना नळी उघडली असेल किंवा कुठलातरी कप गेला असेल. पहिली झडती स्लेव्हच्या बुटाची आणि दुसरी पेडलच्या मुळाशी असलेल्या दांडीची. तिथून गळणारं ऑइल पायपुसण्यावर उतरतं.

भराभर पेडल मारलं की गिअर का पडत होता, तेही इथेच उलगडतं. खालचा दट्ट्या पुरता परतायच्या आत पेडल वर आलं की कप मिटतो आणि टाकीतला जादा द्रव नळीत शिरतो. तीन-चार वेळांत नळी इतकी भरते की बुडबुडा आधीच अर्धा आवळलेला असतो. दहा सेकंद थांबलं की जादा द्रव त्या सुईएवढ्या भोकातून परत जातो आणि पहिले पाढे पंचावन्न.

दोन माणसं नसतील तरी काम होतं. निपलमधून मोठ्या सिरिंजने ऑइल खालून वर ढकलायचं ही मला सगळ्यात शहाणी पद्धत वाटते, कारण तिथे बुडबुड्याच्या मनासारखं होतं. त्याला वर जायचं असतं आणि प्रवाहही वरच जातो. पेडल पूर्ण वर असायला हवं, नाहीतर ते भोक बंद राहील, आणि टाकीतलं ऑइल आधी थोडं काढून घ्यायला हवं, नाहीतर ते सांडेल. जुनी नळी असेल तर खालचा गाळही वर चढतो, म्हणून आधी मळकं ऑइल वाहून घालवलेलं बरं. निपलला हातपंप लावून ओढणारेही आहेत. दाब निम्मा झाला की बुडबुडा दुप्पट फुगतो, हा फायदा. पण आट्यांच्या फटीतून बाहेरची हवा येत राहते आणि नळीत अखंड बुडबुडे दिसल्याने काम संपलं की नाही कळत नाही. काही नव्या गाड्यांत स्लेव्ह सिलिंडर गिअरबॉक्सच्या आत, शाफ्टभोवती कड्यासारखा बसवलेला असतो. तो गेला तर गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि गिअरबॉक्स जागेवर बसण्याआधी कुणी पेडल दाबलं तर दट्ट्या बाहेर निसटून नवा सिलिंडर तिथल्या तिथे वाया जातो.

ज्याला आपण ब्रेक ऑइल म्हणतो ते तेल नाहीच. डॉट 3 आणि डॉट 4 हे ग्लायकॉल जातीचे द्रव आहेत, पाण्यात विरघळणारे. गाडीच्या रंगावर सांडले तर रंग उठतो, पण लगेच पाण्याने धुतले तर निघून जातात. डोळ्यात उडाले तर आग होते. गाडीखाली तोंड वर करून काम करताना चष्मा हवाच, आणि गाडी फक्त जॅकवर नको, स्टँडवर हवी. टाकीच्या झाकणावर कुठला डॉट लिहिलाय तोच टाकायचा. इंजिन ऑइलचे चार थेंब गेले तरी आतली रबरं फुगतात, मऊ पडतात, आणि मग सगळे कप बदलण्यावाचून इलाज उरत नाही.

हा द्रव हवेतली वाफ शोषतो. कोकणातल्या पावसाळ्यात, जिथे चार महिने कपाटातलं मीठसुद्धा पाणी सोडतं, उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वर्षी वापरणं चुकीचं आहे. नवा डॉट 3 किमान 205 अंशांपर्यंत उकळू नये अशी अट असते, त्यात 3.7 टक्के पाणी शिरलं की ती मर्यादा 140 वर येते. डॉट 4 चे आकडे 230 आणि 155. क्लचची नळी तापलेल्या एक्झॉस्टजवळून जात असेल आणि घाटात हाफ क्लचवर गाडी रेटली असेल, तर आतलं पाणीच उकळून वाफेचा बुडबुडा बनतो. तोही हवेसारखाच आवळतो, पण गाडी थंड झाली की पुन्हा पाणी होऊन नाहीसा होतो. घाटमाथ्यावर बसलेला क्लच तासाभराने आपोआप बरा झाला असेल तर हा पाहुणा ओळखावा. त्याला ब्लीडिंग पुरत नाही, सगळं ऑइल बदलावं लागतं. चांगलं ऑइल फिकट पिवळं असतं. आमच्या नळीतून सुरुवातीला निघालं ते काळ्या चहासारखं होतं, रबराच्या कणांनी गढुळलेलं.

पोफळीत पेडल पुन्हा घट्ट झालं. पण निघताना मेस्त्री म्हणाले, “हवा काढली, वाट नाही बुजवली. चिपळूणला सिलिंडरच्या रबरांचं किट टाकून घ्या.” दुसऱ्या दिवशी तिथल्या गॅरेजमध्ये स्लेव्ह सिलिंडर उघडला. जुना कप तळहातावर घेऊन उजेडात धरला तर कडेला केसाएवढी चीर होती, बोटाने फाकवल्यावर जेमतेम दिसणारी. सिलिंडरच्या आत चरे नव्हते, म्हणून नवं किट पुरलं. या वेळी पेडलवर गॅरेजमधला मुलगा बसला आणि मी मागून घेऊन पाना हातात घेतला. दाब. धर. सोड. टाकी दर पाच पेडलांनी भरत राहिलो. ती रिकामी झाली असती तर सगळं पुन्हा पहिल्यावर आलं असतं. आधी नळीत बोटभर लांब हवा आली, मग मणी मणी, मग बराच वेळ काहीच नाही, आणि वाटलं झालं, तेवढ्यात आणखी एक, राईएवढा, काचेसारख्या नळीतून सावकाश बाटलीकडे गेला. त्यामागून फिकट पिवळी धार, अखंड. निपल आवळलं. मुलाने इंजिन चालू केलं, पेडल दाबलं आणि रिव्हर्स टाकला. आवाज आला नाही.